अर्धाच का आलास?

"इनास, तू खणतोस की मी हातांनी उकरू?"

"बाय, जरा ऐक. पोरगा जिता हाय तुझा. जित्या माणसाचा पाय मेलेल्याच्या बाजूला ठेवत नाहीत."

"मग कुठे ठेवू? देवळात नेऊन टांगू?"

"भिंतीकडे जागा हाय ना. दवाखान्यातून असलं काय आलं की तिथंच जातं."

"तिथे कुत्री उकरतात. तुला दिसत नसेल, मला दिसतं. माझ्या वालूचा पाय घेऊन कुत्रं पळालं तर तू धावणार आहेस का मागे? तुला धड चालता येत नाही."

इनासने फावडं खाली टेकवलं. ठाण्याच्या त्या ख्रिस्ती सिमेट्रीत खड्डे खणण्यात त्याचा जन्म गेलेला. पण असली बाई त्याला कधी भेटली नव्हती.

तिच्या काखेत एक गाठोडं होतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. लांबट.

खालून ओलं झालेलं...

हे खरं आहे. आधीच सांगतो. ती बाई म्हणजे एमिलिया, माझ्या आजोबांच्या पणजोबांची आई. आजोबांनी हे त्यांच्या आजोबांकडून ऐकलं, आणि त्यांना खुद्द वालूने सांगितलेलं. वालू म्हणजे व्हॅलेरियन, एमिलियाचा एकुलता एक मुलगा. ज्यांना खोटं वाटतंय त्यांनी इथेच थांबा, खाली कमेंट करून डोकं खाऊ नका.

साल १८८६. महिना एप्रिल. आणि रात्र वगैरे काही नाही. अमावस्या पण नाही.

भर दुपार होती.

नौपाड्यात तेव्हा शेतं होती. आमची माणसं खाडीच्या काठाला राहायची. एमिलियाचा नवरा पास्कू मचवा चालवायचा, ठाणे ते कल्याण. भात, गवत, मीठ, मिळेल तो माल. तो तापाने गेला आणि मचवा वालूकडे आला. वालू चांगला दाढीमिशीवाला बाप्या होता, लग्नाचं चाललेलं त्याच्या.

त्या दिवशी सकाळी कल्याणच्या बंदरावर मचवा धक्क्याला लागत होता. वालूचा पाय घसरला. उजवा पाय मचवा आणि दगडी धक्क्याच्या मध्ये सापडला. भरलेला मचवा होता.

त्याला फळीवर बांधून रेल्वेने ठाण्याला आणला. हॉस्पिटलमध्ये गोरा डॉक्टर होता. त्याच्या हाताखाली विश्राम नावाचा मलमपट्टी करणारा ड्रेसर, तोच सगळं मराठीत सांगायचा.

"मावशी, साहेब म्हणतात हाडांचा पार चुरा झालाय. रक्त थांबत नाहीये. आत्ता कापला तर पोरगा राहील. नाही कापला तर संध्याकाळ बघणार नाही."

"काप," एमिलिया म्हणाली. विचारच नाही केला.

वालूने तिचा हात धरला. "आये, पाय कुठं टाकून नको देऊ."

"नाही टाकणार."

"बाच्यासारखा नीट ठेव."

मग त्याच्या नाकावर औषधाचा रुमाल ठेवला आणि तिला बाहेर काढलं. दार बंद झालं. आतून करवतीचा आवाज येत होता. लाकूड कापतात ना, तसाच.

घर्र... घर्र... घर्र...

आणि मग थांबला.

आवाज चालू होता तोवर ती उभी होती. थांबला तेव्हा दाराला कान लावला.

थोड्या वेळाने विश्राम बाहेर आला. "आहे पोरगा," एवढंच म्हणाला. आणि तिने मागितलं म्हणून ते गाठोडं तिच्या हातात दिलं.

म्हणून ती सिमेट्रीत आलेली. शब्द दिलेला तिने.

शेवटी इनासने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला आणि पास्कूच्या थडग्यावर फावडं मारलं. पेटीपर्यंत नाही गेला. गुडघाभर खणलं, गाठोडं ठेवलं आणि तो माती लोटायला लागला.

आता इथे चूक झाली.

आमच्या घरात तेव्हा एक पद्धत होती. एकाच थडग्यात घरची सगळी माणसं जायची. नवीन माणूस ठेवताना आधीच्याला सांगायचं, कोण आलंय ते. म्हणजे तो सरकतो. एमिलियाने हे सासूच्या वेळी सांगितलेलं, पास्कूच्या वेळी सांगितलेलं. जिभेवर बसलेलं.

तिने मूठभर माती उचलली, टाकली, आणि सवयीने बोलून गेली...

"पास्कू, सरक जरा. तुझा वालू आलाय. जागा कर."

इनासचं फावडं हवेतच राहिलं.

"काय बोललीस बाय?"

"काय बोलले?"

"पोराचं नाव घेतलंस. पाय आलाय म्हणायचं होतंस."

एमिलियाला चूक कळली. पण माघार घ्यायची तिची जात नव्हती. "जिता होता तेव्हा माझं एक ऐकलं नाही त्याने. आता बरं ऐकेल."

इनास हसला नाही.

वालू दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. एमिलिया खाटेच्या उशाशी बसलेली. उन्हाने वॉर्ड नुसता भाजत होता. आजूबाजूचे पेशंट कण्हत होते, कोणीतरी पाणी मागत होतं, बाहेर कावळे ओरडत होते.

"आये... पाय गार पडलाय."

"कुठला?"

"उजवा. ओला लागतोय."

तिने चादरीकडे बघितलं. उजव्या बाजूला मांडीखाली चादर सपाट होती.

विश्रामला विचारलं तर तो म्हणाला, "सगळे असंच बोलतात मावशी. पाय जातो, पण डोक्यातून जात नाही. नसलेला पाय खाजतो, दुखतो, मुंग्या येतात. टेन्शन घेऊ नका." म्हणजे टेन्शन हा शब्द माझा, पण अर्थ तोच.

तिला बरं वाटलं.

मग दुपार चढली. आणि एकदम सगळं गप्प झालं.

कण्हणारा गप्प. पाणी मागणारा गप्प. कावळे गप्प.

खाडीकडून एकच आवाज आला. मचव्याचा बांबू दगडावर टेकवल्यासारखा.

ठक...

वालूने डोळे उघडले. छपराकडे बघत शांतपणे म्हणाला, "आये, बाला सांग ना, अंगठा सोड."

एमिलिया ताडकन उभी राहिली.

कारण पास्कू त्याला कधी हाक मारून उठवायचा नाही. वालू लहान असल्यापासून एकच रीत. ओहोटी लागली की पायथ्याशी यायचा, उजव्या पायाचा अंगठा धरायचा आणि ओढायचा. म्हणायचा, वालू, पाणी फिरलं. ही गोष्ट घरातल्या तीन माणसांशिवाय कोणाला माहीत नव्हती.

तिने पायथ्याकडे बघितलं. जिथे पाय नव्हता तिथे, चादरीला...

खळगा पडलेला.

कोणीतरी मुठीत धरल्यासारखी चादर गोळा झालेली. आणि ओली. खाडीच्या चिखलाचा वास मारत होती.

एमिलियाने चादर खसकन ओढली. खाली काही नव्हतं.

बाहेर मचवेवाले ओरडायला लागले. ओहोटी लागलेली.

त्यानंतर प्रत्येक ओहोटीला तेच. आधी सगळं गप्प व्हायचं. मग ठक... मग वालू डोळे उघडायचा. ताप उतरतच नव्हता. साहेब येऊन जखम बघायचा, मान हलवून जायचा.

आणि एक गोष्ट फक्त एमिलियाच्या लक्षात आली.

वालू खाली सरकत होता.

ओहोटीच्या आधी त्याचं डोकं उशीवर असायचं. नंतर उशीखाली. एका ओहोटीला हातभर. तो बिचारा तापात पडलेला, कूस बदलायची ताकद नव्हती. तरी दर वेळी पायथ्याकडे. दाराकडे.

ती त्याला काखेत धरून वर ओढायची. जखमेतून रक्त यायचं.

"मावशी, तुम्ही त्याला हलवता कशाला?" विश्राम चिडला. "टाके तुटतील. मारायचंय का पोराला?"

"मी नाही हलवत."

"मग कोण हलवतंय?"

काय सांगणार? तिने पदर फाडून त्याची पट्टी केली, वालूच्या छातीवरून घेतली आणि खाटेच्या उशाच्या दांड्याला बांधली. स्वतः जाऊन पायथ्याला बसली, बरोबर जिथे पाय असता तिथे. म्हणाली, आता ओढ. आधी मला ओढ.

दुपार झाली.

सगळं गप्प.

ठक...

वॉर्डच्या दारातच वाजलं या वेळी.

तिच्या मांडीखालची चादर हळूच ताणली गेली. जोर नव्हता. पोराला झोपेतून उठवताना जेवढा लावतात, तेवढाच. आणि ते जास्त भयंकर होतं.

वर पट्टी कचकन ताणली. वालूच्या तोंडातून आवाज आला. त्याचाच आवाज होता, पण तो कोणाशी तरी बोलत होता.

"येतो रे बा..."

"वालू, कोणाशी बोलतोस?"

"बा विचारतोय..." त्याने ओठ चाटले. "म्हणतो, जागा करून ठेवलीय. अर्धाच का आलास?"

एमिलिया उठली आणि सिमेट्रीकडे पळत सुटली.

"उकर," ती इनासला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"आता कशाला? मी तेव्हाच सांगितलेलं, तर माझ्या चालण्यावर बोललीस."

"इनास, पाया पडते तुझ्या."

एमिलिया पाया पडते म्हणाली, हे ऐकूनच तो घाबरला. फावडं घेतलं.

एप्रिलचं ऊन. सगळीकडे जमीन भाकरीसारखी कडक. पण पास्कूच्या थडग्याची माती ओली निघाली. फावड्याला चिखल लागत होता.

गुडघाभर खणलं. गाठोडं नव्हतं.

"इथंच ठेवलेलं बाय. तू पण होतीस."

अजून खणलं. अजून. पेटीच्या फळ्या लागल्या, कुजलेल्या. वरची फळी बाजूला सरकवलेली. मोडलेली नव्हती... सरकवलेली.

इनासने आत बघितलं आणि तो वर चढून मागे सरला. सिमेट्रीच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत.

एमिलियाने वाकून बघितलं.

पास्कूची हाडं मधोमध नव्हती. सगळी एका कडेला, फळीला चिकटून, अंग चोरून निजल्यासारखी. आणि त्याच्या शेजारी डोक्यापासून खालपर्यंत लांबच लांब जागा रिकामी. तळाची माती हाताने थापल्यासारखी गुळगुळीत.

त्या रिकाम्या जागेत, खालच्या टोकाला, उजव्या बाजूला...

पाय ठेवलेला. लुगड्यातून सोडवून. जिथे असायला हवा तिथेच.

वरचं सगळं यायचं बाकी होतं.

मग एमिलिया खड्ड्यात उतरली. पाय उचलला. पोटाशी धरला. आणि नवऱ्याशी बोलायला लागली, जेवणाच्या वेळी बोलायची तशी.

"पास्कू, माझी चूक झाली. पाय आलेला, पोरगा नाही. पोरगा मला पाहिजे. त्याचं लग्न व्हायचंय, त्याला पोरं व्हायचीत."

फक्त खालून पाणी झिरपत होतं.

"तुला माणूस आलाय म्हणून सांगितलंय मी. तू जागा केलीस. आता ती रिकामी राहायची नाही, ते कळतंय मला." तिने पाय आणखी घट्ट धरला. "मी येते. पण तो माझ्या डोळ्यांसमोर चालला पाहिजे. तोवर हात नको लावू त्याला. तो चालला की येते."

"बाय," इनास वरून म्हणाला, "परत चूक करू नको."

"ही चूक नाही," ती म्हणाली.

पाय तिने भिंतीकडे पुरला. वर मोठाले दगड रचले. या वेळी तोंडातून एक शब्द काढला नाही.

ती हॉस्पिटलमध्ये परत आली तेव्हा वालू घामाने भिजून झोपलेला. ताप उतरलेला. डोकं उशीवर होतं.

साहेब पण चाट पडला म्हणे.

घरी आणल्यावर वालू महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खायचा नाही, बोलायचा नाही. मचवा दुसऱ्याच्या हातात गेलेला. लग्नाचं बोलणं थांबलेलं.

एमिलियाला काय सोपं होतं? त्याला तसाच पडू द्यायचा. तो चालला नसता, तर तिलाही जावं लागलं नसतं.

तिने होड्या बनवणाऱ्या सुताराकडून कुबड्या करून घेतल्या.

"ऊठ."

"नको आये."

"ऊठ म्हणते ना. पाय एक गेलाय, दोन नाही."

रोज सकाळी ती त्याला उभा करायची. तो पडायचा. शिव्या द्यायचा. ती दुप्पट द्यायची. कातडं सोलवटलं की काखेत तेल लावायची आणि परत उभा करायची. मग ओट्यापर्यंत. मग अंगणापर्यंत.

इनास एकदा घरी आला. वालू आत होता, पण कान उघडे होते त्याचे.

"कशाला घाई करतेस बाय? बसू दे ना त्याला. कोण मागे लागलंय?"

"बसून राहिला तर खाईल काय? बायको कोण देईल त्याला?"

"तो चालला की तुला..."

"हळू बोल. माहीत आहे मला."

वालूला काही कळलं नाही तेव्हा. त्याला फक्त एकच दिसायचं. आई चुलीजवळ चटई टाकून झोपायची. सकाळी उठायची तेव्हा चटई चुलीपासून लांब. रोज थोडी पुढे. मग दाराजवळ. मग उंबऱ्याला लागून.

"आये, दारात का झोपतेस?"

"उकडतं."

तेव्हा पावसाळा लागलेला. गार वारं सुटायचं.

एकदा त्याने विचारलं, "अंगठा बरा आहे का तुझा? सारखी चोळतेस."

तिने पाय लुगड्याखाली घेतला.

मग ती सकाळ आली. पाऊस थांबलेला, लख्ख ऊन पडलेलं. वालू चुलीपासून उठला. एकच कुबडी घेतली. दार ओलांडलं, ओटा उतरला आणि अंगण पार करून चिंचेपर्यंत गेला. कोणी धरलं नाही. एकदाही तोल गेला नाही.

मागे वळून बघितलं. एमिलिया दारात बसलेली. तोंडभर हसत होती. डोळ्यांतून पाणी.

"परत ये चालत," ती म्हणाली. "बघू दे मला नीट."

तो आला परत. तिच्या समोर उभा राहिला.

"झालं समाधान?"

"झालं रे वालू," ती म्हणाली. "आता जा, पाण्याचा तांब्या आण मला."

तो आत गेला. तांब्या भरला.

आणि सगळं गप्प झालं.

कावळे नाहीत. कोंबड्या नाहीत. शेजारची पोरं नाहीत.

ठक...

तो बाहेर आला. दारात कोणी नव्हतं.

घरामागे खाडी. पाणी मागे हटलेलं, नुसता चिखल. आणि त्या चिखलात पावलं. तिचीच. घाई नाही, पळणं नाही, बाजाराला निघाल्यासारखी सरळ. तो नजरेने त्यांच्या मागे मागे गेला...

मध्येच संपलेली.

पाणी तिथून अजून कितीतरी लांब होतं. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

तो "आये" करत तसाच घुसला. पहिल्याच पावलाला कुबडी चिखलात गेली. काखेपर्यंत. तो आडवा पडला आणि तिथेच ओरडत राहिला, लोकांनी बाहेर काढेपर्यंत. दोन पाय असते तर धावत गेला असता. तो चिखल कोणाला सोडत नाही, हे खाडीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

एमिलिया सापडली नाही. मचवे फिरले, जाळी टाकली. काही नाही.

तिसऱ्या प्रहरी इनास आला. वालूला सगळं त्यानेच सांगितलं. आणि हेही सांगितलं की तो सकाळी सिमेट्रीत झाडत होता. पास्कूच्या थडग्याची माती उकरल्यापासून खचलेली असायची. त्याच्यादेखत ती...

वर आली. भरल्यासारखी.

त्याने उघडून बघितलं नाही. वालूनेही बघितलं नाही. नंतर त्याचं लग्न झालं, पाच पोरं झाली, म्हातारा होऊन गेला. नसलेला पाय त्याला परत कधी जाणवला नाही. खाजला नाही, दुखला नाही. पण मरताना त्याने बजावलं, मला त्या थडग्यात ठेवू नका. तेव्हापासून आमच्यातल्या कोणालाच तिथे पुरलेलं नाही.

आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा मी हसायचो. एकदा तर म्हटलं, जाऊन खणून बघूया, होऊन जाऊ दे. त्यांनी कानाखाली वाजवली. आयुष्यात एकदाच.

आजोबा परवा गेले.

सिमेट्रीत आता नवीन जागा देत नाहीत. पप्पा म्हणतात, आपलं थडगं आहे ना घरचं, एवढी वर्षं रिकामं पडलंय. मी कालपासून भांडतोय त्यांच्याशी. शाळा सोडलेल्या पोराचं कोण ऐकतं? सकाळी माणसं जाऊन खणून आली. त्यातल्या एकाला मी फोन केला, विचारलं, माती कशी आहे.

म्हणाला, ओली आहे रे. मे महिना आणि ओली.

पुढे काहीतरी सांगत होता, पण पप्पांनी फोन काढून घेतला. आता आजोबांना न्यायची गाडी खाली आलीय, सगळे हाका मारतायत. मला निघायला लागेल.